नेपल्सला कुकर न्यायचा की नाही

हे मला आत्ताच सांगायला हवं. परत आल्यावर सांगायला बसले तर ज्वालामुखी, बोटी, लिंबाच्या बागा असलं सगळं मध्ये येईल आणि मुख्य गोष्ट राहूनच जाईल. परवा आमचं विमान आहे. हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्यात, एका बॅगेत माझी धाकटी बहीण बसून संत्रं खातेय, आणि मी मंडळाच्या मराठी टाइपरायटरवर बसलेय. हा टाइपरायटर गणपतीच्या नोटिसा काढायला आमच्याकडे आला तो इथेच राहिला, कारण दोह्याच्या मंडळात मराठी टायपिंग येणारी मी एकटीच. बोटं जरा जास्त पळतात माझी. एखादी वेलांटी इकडची तिकडे झाली तर समजून घ्या.

तर आम्ही नेपल्सला चाललोय. इटलीत, अगदी खाली. नेपल्स शहर, आणि मग तिथून पुढे सोरेंतो, अमाल्फी, तो सगळा डोंगरातला किनारा. मला अजून खरं वाटत नाहीये.

इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगते. गल्फमधल्या माणसाची वर्षाची सुट्टी म्हणजे गाव. दुसरं काही असतं हेच कुणाच्या डोक्यात येत नाही. आमची निम्मी सुट्टी नाशिकला बाबांच्या घरी आणि निम्मी गुहागरला आईच्या माहेरी. आम्ही दोघी चुलत-मामे भावंडांत हुंदडतो. बाबा पलंगावर लोळून लोकांना कतारच्या गोष्टी सांगतात, जेवढं गरम असतं त्याच्यापेक्षा जास्त गरम करून. आणि आई पोचल्या दिवशी साडीचा पदर खोचून स्वयंपाकघरात शिरते ती निघायच्या दिवशी बाहेर येते. कारण वहिनी वर्षातून एकदा येते, मग वहिनीच्या हातचं सगळ्यांनाच खायचं असतं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही जेवायला बसलो होतो. बाहेर मस्त गार वारं होतं. बाबा म्हणाले, "यंदा जुलैत सुट्टी टाकतो."

आई पोळी वाढत होती. ती म्हणाली, "यंदा मला अशा ठिकाणी न्या, जिथं मला कुणी वहिनी म्हणणार नाही."

"म्हणजे कुठे?"

"ते मला काय माहीत? इंजिनियर तुम्ही आहात."

जेवायला त्या दिवशी इटालियन काका होते. म्हणजे ते आमचे खरे काका नाहीत. बाबांबरोबर उम्म सईदच्या गॅस प्लँटवर पाइपलाइनचं काम बघतात, इथे एकटेच राहतात, आणि दर शुक्रवारी दुपारी आमच्याकडे, दोह्यातल्या गराफाला, जेवायला येतात. आपल्याकडे घरी येणाऱ्या बाबांच्या मित्राला काका म्हणायचं, एवढं आम्हाला माहीत, म्हणून ते काका. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं आहे, ते मी इथे मराठीतच लिहितेय.

आईच्या बोलण्यावर आम्ही हसलो म्हणून त्यांनी विचारलं, काय म्हणाली. बाबांनी सांगितलं. काकांनी चमचा खाली ठेवला आणि एकच शब्द बोलले, "नापोली."

आईनं हातातल्या पोळीकडे पाहिलं. "ना पोळी? का हो, झाली नाही का नीट?"

बाबांना असा ठसका लागला की पाणी नाकातून आलं. नापोली हे नेपल्सचं तिथल्या लोकांचं नाव, हे आईला समजावलं. मग 'ना' म्हणजे काय आणि 'पोळी' म्हणजे काय हे काकांना समजावलं, त्याला फार वेळ लागला. कळल्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "सिन्योरा, बरोबर आहे. पोळी नाही. पिझ्झा आहे."

"आणि वहिनी?" बाबांनी विचारलं.

"मला तीन वहिन्या आहेत. त्यांना वहिनी कुणी म्हणत नाही. नुसतं नावानं ओरडतात."

मग त्यांनी ताटातच नेपल्स काढून दाखवलं. भाताची मूद म्हणजे व्हेसुव्हियस. तिच्यावर त्यांनी वरण ओतलं, म्हणजे लाव्हा. आमटीची वाटी म्हणजे नेपल्सची खाडी. लिंबाची फोड म्हणजे काप्री बेट. आणि पापडाचा तुकडा उभा धरून म्हणाले, हा अमाल्फीचा कडा, असा सरळ, घरं त्याला चिकटवल्यासारखी, खाली समुद्र. बहीण इतकी खूश झाली की तिनं तो कडा खाऊन टाकला. "आय एट इटली," ती म्हणाली. ती मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीतच देते.

त्या दिवसापासून घरात तापच चढला. मी शाळेच्या लायब्ररीतून ॲटलास आणला. बहीण येता-जाता 'बोन जोर्नो' करायला लागली, दूधवाल्या पठाणालासुद्धा. बाबा तर काय, प्लँटवर त्यांचं कामच मुळी शटडाऊनचं प्लॅनिंग करायचं. वर्षातून एकदा प्लँट बंद करून साफसफाई, दुरुस्ती करतात, तेव्हा कुठल्या तासाला कोण काय करणार ते सगळं बाबा आखतात. तसाच मोठा तक्ता त्यांनी आमच्या सहलीचा केला आणि फ्रिजवर चिकटवला. रंगीत पेन्सिलींनी. पॉम्पेई निळं, बोट हिरवी, आराम पिवळा.

पुढच्या शुक्रवारी काका तो तक्ता बघून हसत सुटले. बाबांनी सगळे शुक्रवार पिवळे केले होते, सुट्टीचा वार म्हणून, आणि दुकानं, बँक, पोस्ट ही सगळी कामं रविवारवर टाकली होती. इतकी वर्षं इथे राहून आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही की बाकीच्या जगात रविवारी सुट्टी असते. बाबा म्हणाले, "बरं झालं प्लँटवर कुणी बघितलं नाही." पुढच्याच शुक्रवारी काका आले तेव्हा नवीन तक्ता तयार.

मग नाशिकला फोन लावला. आजोबांना सांगायला हवं होतं की यंदा येत नाही. बाबा फोनवर नेहमी ओरडून बोलतात, जणू तारेतून आवाज ढकलायचाय.

"इटलीला? इटलीत कोण आहे आपलं?" आजोबांचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू येत होता.

"कुणी नाही, दादा."

"मग उतरणार कुणाकडे?"

बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि खाण्यापिण्याची काय सोय? तुझं पित्त, बाहेरचं तुला चालत नाही. पोरी काय खाणार? सोय बघितल्याशिवाय पाऊल उचलू नकोस."

फोन ठेवल्यावर बाबा तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले. मला कळलं, तक्त्यात सगळं होतं, फक्त जेवण नव्हतं. आम्ही चौघं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबांना एकदा बहारीनच्या विमानतळावर सँडविच खाऊन दोन दिवस पित्त झालं होतं, ती गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. त्यानंतर जो भेटेल तो तेच विचारायला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जाताय ते ठीक आहे हो, पण सोय काय?" मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "सोय बघा आधी." सोय, सोय, सोय. मला वाटायला लागलं की इटलीत समुद्रबिमुद्र काही नसून नुसती सोय आहे किंवा नाही एवढंच आहे.

मार्चमध्ये एकदा बाबा ऑफिसमधून आले तेच नाचत. खरंच, चपला न काढता नाचत. "खलास. सोय झाली." काकांच्या कुणा नातेवाइकाचा अमाल्फीच्या जवळ फ्लॅट होता, उन्हाळ्यात भाड्यानं द्यायचे. दोन खोल्या आणि, बाबांनी इथे थांबून आमच्याकडे पाहिलं, "स्वतंत्र स्वयंपाकघर. गॅससकट." हॉटेलात राहायचंच नाही. सकाळी घरचा नाश्ता, दुपारचा डबा बरोबर, रात्री गरम वरणभात. समोर भूमध्य समुद्र आणि ताटात वरणभात, याच्यापेक्षा माणसाला काय हवं?

मी पण नाचले. बहीण पण नाचली. काकू ऐकून म्हणाल्या, "स्वयंपाकघर आहे ना? मग झालं, तुम्ही गंगेत न्हालात." नाशिकलाही फोन झाला आणि आजोबा म्हणाले, आता जा खुशाल.

आई म्हणाली, "बरं."

मग तयारी. मला तयारी फार आवडते, प्रवासापेक्षा जास्त. आईनं भाजणी भाजली, गोडा मसाला केला, मेतकूट केलं, बटाट्याचा कीस वाळवायला गच्चीवर घातला आणि तो इथल्या उन्हात तासाभरात असा वाळला की टोचायला लागला. तुरीची डाळ, तांदूळ, पोहे, हिंगाची डबी डब्यात, तो डबा अजून एका डब्यात, नाहीतर इटलीभर वास. पासपोर्टवरचे शिक्के, देशाबाहेर जायचा कंपनीचा परवाना, हे सगळं बाबा करत होते, आणि घरात आई भाजत होती. ती जरा गप्प होती. मला वाटलं, उकडतंय म्हणून.

आणि मग जूनमधला तो शुक्रवार. काका जेवून गेल्यावर बाबा हॉलमध्ये बॅगा मांडून बसले होते. त्यांनी आतल्या दिशेनं हाक मारली, "अगं, कुकर छोटा घ्यायचा की मोठा?"

आई हात पुसत बाहेर आली. "कशाला?"

"म्हणजे काय, तिकडे लागेल ना. सोय म्हणून."

"कुणाची सोय?" आईनं विचारलं.

अगदी साध्या आवाजात विचारलं तिनं, जशी ती विचारते की चहा कुणाला हवाय. पण बाबांचा हात कुकरवरच राहिला.

"आपली," बाबा म्हणाले. "सगळ्यांची."

"सकाळी नाश्ता कोण करणार?"

बाबांनी कुकरचं झाकण उघडून परत लावलं.

"पॉम्पेईला डबा न्यायचाय म्हणता. तो कधी भरायचा? आणि संध्याकाळी दमून आल्यावर वरणभात म्हणता, तो काय ज्वालामुखीवर शिजणारे?"

मला हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती.

"तुम्ही असं करा," आई म्हणाली, "तुम्ही तिघं जाऊन या. खरंच. मी रागावून नाही सांगत. तुम्ही तिघं गेलात की मी इथेच राहीन, कुकर लावणार नाही, ब्रेड खाईन, पंख्याखाली वाचत पडेन. माझी सुट्टी इथेच होईल."

ती खरंच चिडलेली नव्हती, तिला ती कल्पना आवडलेली दिसत होती. आणि मला कळेना की आईशिवाय नेपल्सला जाऊन आम्ही करणार काय. जायचं तिनं काढलं होतं ना.

बाबा दुखावले. "मी कधी म्हटलं तूच करायचंस? मी करीन. पोरी मदत करतील."

"तुम्हाला गॅस कुठून पेटतो ते माहितीये?"

"मी गॅसच्याच प्लँटवर काम करतो."

"मग आधी इथे करून दाखवा," आई म्हणाली. "आठवडाभर. जमलं तर मी येते आणि कुकर मोठा घेऊ."

शनिवारपासून सुरू. बाबा प्लँटच्या बसमधून उतरले, चहा प्यायले आणि बाह्या सरसावून आत गेले. मी आणि बहीण मागे. आई हॉलमध्ये एसीखाली पाय वर घेऊन बसली, मांडीवर जुना दिवाळी अंक.

"हिंग कुठे आहे?" बाबा आतून.

"जिथे असतं तिथे," आई बाहेरून.

"मोहरी तडतडते म्हणजे किती तडतडते?"

"कळेल."

कळलं. मोहरी जळली, पिठल्यात गुठळ्या झाल्या. बहिणीनं त्या चमच्यानं वेचून वेगळ्या वाटीत ठेवल्या आणि म्हणाली, "लुक, काप्री." दुसऱ्या दिवशी आम्ही पोळ्या केल्या. बाबा लाटत होते, मी भाजत होते. जून महिना, संध्याकाळ असली तरी बाहेर भट्टी, आणि आत तवा. बाबांच्या कपाळावरचा घाम कणकेत पडू नये म्हणून बहीण त्यांच्या डोक्याला टॉवेल बांधून द्यायला खुर्चीवर चढली. पाचवी की सहावी पोळी तव्यावर होती तेव्हा बाबांनी लाटणं खाली ठेवलं, हॉलमध्ये आले आणि एसीसमोर उभे राहिले. शर्ट पाठीला चिकटलेला, पिळून काढावा असा.

"त्या खोलीला एसी का नाही?" त्यांनी विचारलं.

आईनं पान उलटलं. "या घरात आलो तेव्हापासून विचारतेय."

"मला? कधी?"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, फोडणीचा वास एसीत अडकतो."

बाबा तसेच ओल्या शर्टानं आईच्या शेजारी बसले. आत पोळी जळली, ती मी काढली. आठवडा पुरा झालाच नाही. त्यांनी तो बंद केला असं काही सांगितलं नाही, पण तिसऱ्या दिवशी बसमधून उतरल्यावर ते म्हणाले, "चला, यल्ला, सगळी गाडीत बसा," आणि आम्हाला थेट इटालियन काकांच्या फ्लॅटवर घेऊन गेले.

"तो फ्लॅट नको," बाबा काकांना म्हणाले. "मला अशी जागा हवी, जिथे दुसरं कुणीतरी स्वयंपाक करेल."

काकांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, मग आधी का नाही सांगितलं, माझ्या मावशीचं आहे की, अमाल्फीच्या खालच्या गावात, वरच्या मजल्यावर चार खोल्या, खाली जेवणघर. पण तुम्हीच सारखं किचन, किचन म्हणत होता. मी म्हटलं, भारतीय लोकांना किचनशिवाय झोप येत नसेल.

तिथल्या तिथे फोन लावला. मावशीचा आवाज आजोबांपेक्षा मोठा होता. काकांनी शाकाहारी म्हणजे काय ते सांगितलं, तिकडून बरंच काही आलं. काकांनी फोनवर हात ठेवला. "ती विचारते, तुम्ही आजारी आहात का?"

"नाही म्हणावं," बाबा.

परत बोलणं. "ती विचारते, मासे खायचे नाहीत तर समुद्रावर कशाला येताय?"

"बघायला," आई म्हणाली. सगळ्यात आधी.

ते बहुतेक मावशीला पटलं. मग तिनं काय काय करते ते सांगितलं आणि काका आम्हाला सांगत गेले. टोमॅटोतली वांगी, घेवड्याची उसळ पण पास्त्याबरोबर, उकडलेल्या बटाट्याचे तळलेले लांबट वडे, भोपळ्याच्या फुलांची भजी. भोपळ्याच्या फुलांची भजी ऐकून बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. गुहागरला ती आमची आजी करते, ती इटलीत कशी पोचली?

तेवढ्यात काका जरा अवघडले. "मावशीचा एक नियम आहे. वाईट वाटून घेऊ नका. ती सगळ्यांनाच सांगते. पाहुण्यांनी स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. पाणी हवं असेल तरी बाहेरून मागायचं."

बाबांनी आईकडे पाहिलं.

"परत सांगायला सांगा," आई म्हणाली.

काकांनी परत सांगितलं.

"नक्की ना? विचारा त्यांना. मदत करू का वगैरे म्हटलेलं चालत नाही ना?"

काकांनी विचारलं. उत्तर मोठं आलं, पण त्याचा अर्थ सांगायची गरज पडली नाही. आई हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. तिला हसताना बघून काकाही हसले आणि फोनमधून मावशीचा आवाज चालूच होता.

घरी आल्यावर आईनं स्वतः कुकर बॅगेतून काढून कपाटात ठेवला. डाळ, तांदूळ, भाजणी शेजारच्या काकूंकडे गेली. मेतकुटाची बाटली तेवढी बाबांनी आपल्या बुटात घालून परत बॅगेत ठेवलीय, ते आईला माहीत आहे, ती काही बोललेली नाही. आणि आम्ही नसताना माणसं येऊन स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडून एसी बसवणार आहेत. बाबांनी तक्त्यात ते लाल रंगानं लिहिलंय.

पण मला सांगायचं होतं ते हे. इतक्या महिन्यांत आईनं नेपल्सबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. तेल किती न्यायचं, तांदूळ कुठला, एवढंच. आज दुपारी मी टाइपरायटर काढत होते तेव्हा ती ॲटलास उघडून बसली होती, चष्मा लावून. तिनं सोरेंतोवर बोट ठेवलं, किनाऱ्याकिनाऱ्यानं अमाल्फीपर्यंत नेलं, आणि बाबांना हाक मारली, "अहो, या रस्त्यानं बसनं जायचंय ना? मग समुद्र कुठल्या बाजूला येणार?"

बाबा धावत आले. "जाताना उजवीकडे."

"मग उजवीकडची खिडकी माझी," आई म्हणाली.

"नॉट फेअर," बहीण बॅगेतून ओरडली.

"तू येताना बस," आई म्हणाली, आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं. अजून तिथेच आहे. मधूनमधून मला विचारतेय, ही रेघ म्हणजे नदी का, इथे किती खोल असेल, कड्यावरून उतरायला पायऱ्या असतील का. मला एकाचंही उत्तर माहीत नाही.

तुमच्या घरी झालंय का असं कधी? सगळं घर तयारीत बुडालंय, आणि ज्या माणसानं पहिल्यांदा जाऊ या म्हटलं, त्यालाच त्यातलं काय हवं होतं ते विचारायचं राहून गेलंय?